'ह्यांना ऐकायचे तेवढे बरोबर ऐकू येते'

प्रश्न : मी 72 वर्षांचा असून इंदूरला परदेशीपुऱ्यात राहतो. मिल बंद पडेपर्यंत वीस वर्षे सांचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, काम केले. गेल्या पाच-सहा वर्षांत ऐकू येणे कमी होत चालले आहे आणि दोन्ही कानांत सतत बारीक शिट्टी वाजत असते. उन्हाळ्यात तिचे फारसे काही वाटत नाही, पण थंडीत रात्र-रात्र झोप लागत नाही. मुलाने बरेच पैसे खर्चून कानाची मशीन आणून दिली. ती लावली की ताटल्या आपटल्यासारख्या वाटत आणि वर्तमानपत्राचे पान उलटले तरी कोणी कापड टरकावत असल्याचा भास होई, म्हणून चौथ्या दिवशी ती कपाटात गेली. परवा पत्नीने सात वाजता पूजेला जायचे आहे म्हणून सांगितले, मी आठ ऐकले. 'ह्यांना ऐकायचे तेवढे बरोबर ऐकू येते' असे ती चारचौघांत म्हणते, ते मनाला लागते. शिट्टी बंद होण्यासाठी काही औषध आहे का? शेजारी लसणाचे तेल घालायला सांगतात.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : सात आणि आठ यांच्या घोटाळ्यातच आपल्या तक्रारीचे निम्मे उत्तर आहे. 'सात' या शब्दातला 'आ' खालच्या पट्टीचा, दमदार स्वर असल्याने तो आपल्यापर्यंत नीट पोहोचतो. 'स' म्हणजे मात्र दातांमागून निघणारी हवेची बारीक सळसळ, आणि तिचा बराचसा जोर 4000 हर्ट्झच्या वर असतो. यंत्रांच्या गोंगाटाने कानाची हानी सर्वांत आधी याच 4000 हर्ट्झच्या आसपास होते, आणि उतारवयातली झीजही वरच्या पट्टीकडूनच सुरू होते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे. सांचे चालू असलेल्या खात्यात ती ओलांडली जाणे रोजचेच होते. त्या काळी फार तर कोणी कापसाचा बोळा कानात घालत असे, आणि कापूस या कामी जवळजवळ निरुपयोगी असतो. अंतःकर्णातल्या ज्या केसाळ पेशी आवाज टिपतात, त्या माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

म्हणून आपल्याला आवाज ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाही. समोर बसून, शांत खोलीत, ओठ दिसत असताना 'चहा घेता का?' असे विचारले की मेंदू गळालेली व्यंजने अंदाजाने भरून काढतो. तेच वाक्य नळ चालू असताना स्वयंपाकघरातून आले, तर त्याला भरायला आधारच उरत नाही. पत्नीला जी निवड वाटते, ती खरे तर जागेची आणि गोंगाटाची करामत आहे. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्यावे.

शिट्टीला वैद्यकात कर्णनाद म्हणतात. कानाकडून वरच्या पट्टीचे संदेश येईनासे झाले की मेंदू, स्टेशन नीट लागत नसलेल्या रेडिओचा आवाज वाढवावा तशी, स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा नाद उमटतो, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. थंडीत तो वाढल्यासारखा वाटतो, कारण पंखा बंद होतो! उन्हाळाभर पंख्याची घरघर त्याला झाकत असते. तेव्हा थंडीत पंख्याची दिशा भिंतीकडे करून तो हळू चालू ठेवावा किंवा रेडिओ मंद लावून झोपावे; आवाज शिट्टी बुडवण्याइतका नको, तिच्याहून किंचित खाली असावा. नाद कायमचा थांबवील असे खात्रीचे औषध आज नाही, आणि तसे सांगून गोळ्या विकणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे. त्याची चिडचिड व भीती कमी करण्यासाठी मानसोपचारातील वर्तनोपचार पद्धतीचा मात्र चांगला उपयोग होतो.

आता मशीन. आपल्या पत्रात ऑडिओमेट्रीचा, म्हणजे कोणत्या पट्टीचे किती ऐकू येते हे मोजणाऱ्या चाचणीचा, उल्लेख कुठेच नाही, यावरून ती चष्मा उसना घ्यावा तशी आली असावी, अशी शंका येते. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानात मळ किंवा पडद्याला छिद्र नाही ना, हे पाहून घ्यावे. मग ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) दोन्ही कानांच्या या चाचणीचा आलेख काढून मशीन त्यानुसार जुळवून घ्यावी. आपली तक्रार दोन्ही कानांची आहे, त्यामुळे बहुधा दोन मशीन लागतील. कागदाचा आवाज कापड टरकावल्यासारखा वाटणे हा मशीनचा दोष असेलच असे नाही. ती सळसळ आपल्या मेंदूने कित्येक वर्षांत ऐकलेलीच नाही. पहिल्या आठवड्यात घरातल्या शांत वेळी रोज दोन-तीन तास, मग हळूहळू दिवसभर, असे करता कानाला सवय व्हायला काही आठवडे लागतात. तरीही टोचत असेल तर पुन्हा जाऊन जुळवणी बदलून घ्यावी, चौथ्या दिवशी कपाट उघडू नये. बाहेरचे आवाज परत येऊ लागले की अनेकांची शिट्टीही मागे सरते.

लसणाचे तेल नको. पडद्याला छिद्र असल्यास ते आत जाऊन इजा करील, आणि नसल्यास अंतःकर्णापर्यंत पोहोचणारच नाही. आपण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, कारण ॲस्पिरिनचे मोठे डोस आणि लघवी वाढवणारी काही औषधे नाद वाढवू शकतात. परंतु कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर तपासणी लांबवू नये. एखाद्या कानाने एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडतात.

घरच्यांनी आधी हाक मारावी, आपण वळून पाहिल्यावर बोलावे, आणि ओरडू नये. ओरडल्याने स्वर फुगतात, 'स' तिथेच राहतो. 'सात' दोनदा सांगूनही कळला नाही, तर तिसऱ्यांदा तोच शब्द न उच्चारता 'आठच्या तासभर आधी' असे म्हणावे.