आमच्या संस्थेला तालुक्यातल्या डॉक्टरांची यादी करायची आहे. कोण कशाचे तज्ज्ञ, हे चुकू नये म्हणून काय करावं?

लातूरला एका रुग्णमदत केंद्रात मी अशी यादी सांभाळतो. औशाकडच्या एका मावशींचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलं होतं. आमच्या वहीत 'किडनी'समोर एकच नाव होतं, तेच मी दिलं. मावशी लेकाला घेऊन पहाटेच्या एसटीने आल्या, दुपारपर्यंत नंबर लावून बसल्या. डॉक्टर म्हणाले, "मी मुतखड्याची, प्रोस्टेटची ऑपरेशनं करतो. तुम्हाला नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीच्या आजारावर औषधोपचार करणारे डॉक्टर लागतील." दोघांचीही त्या दिवसाची मजुरी बुडाली. चूक आमच्या वहीची होती, आणि ती मला अजून टोचते.

तेव्हापासून पाटी बघून लिहिणं बंद केलं. पाटीवर 'हृदयरोग व मधुमेह तज्ज्ञ' असतं आणि खाली एमडी मेडिसिन. बीपी-शुगरला असे फिजिशियन उत्तमच, पण अँजिओप्लास्टीचा पेशंट कार्डिओलॉजीत (हृदयरोगात) डीएम किंवा डीएनबी ही एमडीच्या पुढची पदवी केलेल्यांकडेच पाठवायला हवा. म्हणून आधी पदवी लिहा, ती जशी नोंदवलेली आहे तशीच. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून ती पडताळता येते. नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेही बघा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या, त्यामुळे नुसता क्रमांक पुरत नाही, शेजारी परिषदेचं नावही हवं.

पदवीच्या शेजारी लोकांच्या बोलीचा एक रकाना ठेवा. आपल्याकडे कुणी 'न्यूरोलॉजिस्ट' विचारत येत नाही. 'लेकराला फिट येते', 'लकवा मारला' असंच सांगतात. हे न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू-नसांच्या आजारावर औषधोपचार करणाऱ्यांकडे जायला हवेत. 'मेंदूचे डॉक्टर' एवढंच लिहिलंत तर ते न्यूरोसर्जनकडे, म्हणजे मेंदूची ऑपरेशनं करणाऱ्यांकडे जाऊन बसतील.

सगळ्यात लवकर शिळी होते ती बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची माहिती. तालुक्याच्या गावी बरेच तज्ज्ञ महिन्यातून एक-दोनदाच येतात, आणि त्यांचा वार बदलला की पत्ता बरोबर असूनही नोंद चुकते. दवाखान्यात फोन करताना "किडनीचे डॉक्टर आहेत का?" असं विचारू नका, हो म्हणतात. "क्रिएटिनिन वाढलंय, डायलिसिसचं विचारायचंय, डॉक्टर बघतात का, आणि या महिन्यात कोणत्या तारखेला येणार?" असं विचारा. उत्तर कुणी दिलं आणि कधी, तेही लिहून ठेवा.

आमच्याकडे ही फोन केल्याची तारीख तीन महिन्यांहून जुनी झाली की पुन्हा फोन केल्याशिवाय ते नाव आम्ही कुणालाच देत नाही.