हातकागदाच्या कार्डावरच्या उठावदार नक्षीत रंग कसा भरावा?

जलरंग नको, एवढं आधी सांगतो. हातकागद बहुधा सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो. पाणी लागलं की तंतू फुगतात, उठाव बसतो आणि रंग कडेबाहेर फुटतो. रंग कोरडाच हवा.

तुम्ही पितळी स्टेन्सिलवर, म्हणजे नक्षी कापलेल्या पातळ पत्र्यावर, कागद उलटा ठेवून मागून दाबून नक्षी उठवली असेल, तर काम सोपं आहे. कार्ड सुलटं करा, तीच स्टेन्सिल वरून नक्षीवर नेमकी बसवा आणि कागदी टेपने चिकटवा. मग सॉफ्ट पेस्टलची, म्हणजे खडूसारख्या कोरड्या रंगाची, कांडी ब्लेडने खरवडून भुकटी करा. आखूड केसांच्या, सपाट टोकाच्या ब्रशवर ती अगदी चिमूटभर घ्या, जास्तीची झटका आणि गोल गोल फिरवत लावा. कडेला गडद, मध्ये फिकट ठेवलंत तर पाकळी आणखी उठून दिसते. ऑइल पेस्टल मात्र घेऊ नका, तेलाचा डाग मागे उमटतो.

स्टेन्सिल जवळ नसेल तर रंगीत पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा, फक्त उंच भागच रंग धरेल. कागद खरखरीत असल्याने रंग थोडा ठिपक्याठिपक्यांचा येतो. मला तरी तो तसाच आवडतो.

पेस्टल हाताला लागू नये म्हणून फिक्सेटिव्ह (रंग कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) फूटभर लांबून, अगदी पातळ फवारा. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर बघा, काही रंग फवाऱ्याने गडद होतात.