आजोबांचं शिकारीचं लायसन्स

प्रश्न : नमस्कार ताई, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला आमचा जुना वाडा आवरताना आजोबांच्या ट्रंकेत 1966 चं शिकारीचं लायसन्स सापडलं, घडीवर फाटलंय पण शिक्का अजून स्पष्ट दिसतो. डबऱ्याकडे शेती आहे, तिथे नीलगायी उभ्या गव्हात शिरतात. काका म्हणतात बंदुकीचं लायसन्स आहेच, हेही रिन्यू करून घे. होईल का? आणि भिंतीवर सांबराची शिंगं आहेत, त्यांचं काय?

उत्तर : दादा, रिन्यू होणार नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हासुद्धा काही प्राण्यांसाठी लायसन्स मिळायचं, 1991 च्या दुरुस्तीत ते बंदच झालं, आता शौकाच्या शिकारीचं लायसन्स कुठल्याच राज्यात मिळत नाही. काकांना नीट समजावून सांगा की बंदुकीचं लायसन्स आर्म्स ॲक्टचं असतं, त्याने बंदूक ठेवता येते, जनावर मारता येत नाही. आणि शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे हो, फास लावणं, विष घालणं, नुसता प्रयत्न करणंसुद्धा त्यातच धरतात. कुंपणात करंट तर चुकूनही सोडू नका, रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस जातो त्यात.

नीलगाय वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे, त्यामुळे पिकाचं नुकसान होत असेल तर चीफ वाइल्डलाइफ वॉर्डन (राज्याचे वन्यजीवांचे मुख्य अधिकारी) किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. तोंडी "मारा" म्हटलेलं चालत नाही, मग म्हणणारा कोणीही असो.

मला खरी काळजी शिंगांची वाटते. माझ्या माहेरी ओसरीवर काळविटाची शिंगं होती, आम्ही त्यांना छत्र्या अडकवायचो, त्याला कागद लागतो हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. ट्रंकेत शिंगांच्या मालकीचं सर्टिफिकेट आहे का ते आधी शोधा, शिकारीचं लायसन्स म्हणजे ते नव्हे. सर्टिफिकेट असेल तरी वारशाने वस्तू आली की 90 दिवसांत चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनला कळवावं लागतं. ठेवायची नसतील तर 2022 च्या दुरुस्तीने सर्टिफिकेटसकट सरकारजमा करता येतात, मोबदला मिळत नाही. सर्टिफिकेट नसेलच तर आधी वकिलाला भेटा, विकू नका, भंगारात देऊ नका, ऑनलाइन फोटो तर नकोच. वनखात्यात कुठलाही अर्ज द्यायचा असेल तर त्याच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.