पोटात ठेवलेलं हाड कधी बसवायचं?

प्रश्न: माझा मुलगा 24 वर्षांचा. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री मोटरसायकलवरून पडला, हेल्मेट नव्हतं. मेंदूला सूज आली म्हणून कवटीचं डाव्या बाजूचं हाड काढून पोटाच्या कातड्याखाली जपून ठेवलंय. आता चार महिने झाले. काठी धरून चालतो, पण शब्द अडकतात. डॉक्टर हाड बसवून घ्या म्हणतात. घरचे म्हणतात, जिवावरचं टळलं, पुन्हा डोकं कशाला उघडायचं, दिवाळीनंतर बघू. हाड बसवलं तर बोलणं सुधारेल का?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, जखम कोरडी असेल, ताप नसेल आणि सीटी स्कॅनमध्ये सूज उतरलेली असेल, तर दिवाळीची वाट पाहू नका.

एक गोष्ट घरीच बघा. मुलगा आडवा असताना डोक्याचा खळगा किती दिसतो आणि तासभर बसल्यावर किती. हाड नसलं की बाहेरच्या हवेचा दाब कातड्यावरून थेट मेंदूवर येतो, आणि उठून बसलं की डोक्यातलं पाणी खाली उतरून खळगा आणखी आत जातो. काहींना त्यानेच डोकेदुखी, चक्कर येते, हातपाय ढिले पडतात. माझ्या एका रुग्णाचा उजवा हात सकाळी चालायचा आणि दुपारपर्यंत लुळा पडायचा. झोपला की पुन्हा बरा. हाड बसवल्यावर आठवड्याभरात त्याने चहाचा कप स्वतः धरला. त्याच्या बायकोला रडू आवरेना.

पण सगळ्यांचं असं होत नाही, हेही तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. बोलण्याचा भाग अपघातातच दुखावला असेल, तर हाडाने तो भरून येत नाही. थोडा फरक पडू शकतो. बाकीचं काम स्पीच थेरपीचं, आणि ती ऑपरेशनची वाट न पाहता आजच सुरू करा.

लांबवल्याने काय होतं ते मी हातात धरून पाहिलंय. दीड वर्षाने आलेल्या एकाच्या पोटातून हाड काढलं तेव्हा त्याला पिवळी चरबी चिकटलेली होती, कडा शंकरपाळ्यासारख्या पातळ झाल्या होत्या. जागेवर ठेवलं तर चहूबाजूंनी फट. शेवटी टायटॅनियमची जाळी बसवावी लागली. शिवाय उशीर झाला की कातडं आतल्या आवरणाला घट्ट चिकटतं आणि ते सोडवताना मेंदूला इजा व्हायची भीती वाढते.

तुमच्या मुलाचं स्वतःचं हाड चांगलं असेल तर तेच बसवावं, असं माझं मत. छोट्या पट्ट्या आणि स्क्रूने ते पक्कं करतात. मात्र तरुणांत हे हाड पुढे झिजू शकतं, म्हणून तपासणी चुकवू नका. तसं झालं तर टायटॅनियम, बोन सिमेंट किंवा सीटीवरून मापाने बनवलेली प्लेट असे पर्याय आहेत. टायटॅनियम असलं तरी एमआरआय करता येतो, ते सांगायला मात्र विसरू नका.

'छोटंसं ऑपरेशन' असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. आत रक्त साठणं, पू होणं, फिट येणं हे धोके खरे आहेत. पू झाला तर बसवलेलं हाड पुन्हा काढावं लागतं. टाक्यांतून पाणी आलं, ताप आला, सूज वाढली किंवा मुलगा गुंगीत वाटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. फिटची गोळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद करू नका, बरं वाटलं तरी.

खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधी विचारा.

आणि तोवर त्याला डाव्या कुशीवर झोपू देऊ नका. बाथरूममध्ये एकटा सोडू नका. घराबाहेर पडताना डोक्यावर टोपी नव्हे, हेल्मेट.