"ती अंथरुणावर असताना मी माझ्या तब्येतीचं काय बघू?"

जोडीदाराला गंभीर आजार झाला की स्वतःच्या प्रकृतीसाठी लावून घेतलेल्या चांगल्या सवयी सांभाळाव्यात की काही काळ बाजूला ठेवाव्यात, हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात असतो. मात्र तो सरळ शब्दांत क्वचितच विचारला जातो. झोप लागत नाही, चिडचिड होते, कमी केलेले वजन पुन्हा वाढले, अशा आडवळणाने माणसे तिथपर्यंत येतात आणि मग खालच्या आवाजात म्हणतात, "तिचं एवढं चाललेलं असताना मी माझ्या ताटाचा विचार करणं बरं दिसतं का?" ज्यांच्याविषयी इथे लिहिते आहे त्या गृहस्थांचे शब्द जवळजवळ हेच होते. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव मांडत आहे.

वय पन्नाशीच्या पुढचे. काही वर्षांपूर्वीच्या तपासणीत त्यांचे एचबीए1सी 6.3 टक्के आले होते. मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगणारी ही चाचणी 5.7 ते 6.4 च्या दरम्यान आली, तर मधुमेह झालेला नसला तरी तो उंबरठ्यावर आहे असे समजतात. त्यांनी ते मनावर घेतले. रोजचे चालणे, रात्रीचे लवकर जेवण आणि सिगारेटला रामराम, या तीन गोष्टींवर त्यांनी तो आकडा 5.8 पर्यंत खाली आणला. त्यानंतर पत्नीला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली, दर 21 दिवसांनी केमोथेरपी सुरू झाली आणि बघता बघता त्यांची सगळी घडी विस्कटली.

विस्कटली म्हणजे नेमके काय झाले, हे मी खोदून विचारते, कारण "वेळच मिळत नाही" हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नसते. पत्नीला एका वेळी फार जेवण जात नव्हते, म्हणून दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे, पण भरपूर उष्मांक असलेले खाणे द्यावे असे आहारतज्ज्ञांनी सांगितले होते. हे मोठ्या हौसेने बशी भरून नेत, ती दोन घास खाऊन बशी बाजूला सारी, आणि हे ती स्वयंपाकघरात नेऊन ओट्यापाशी उभ्यानेच संपवून टाकत. दिवसातून पाच-सहा वेळा हे होत होते आणि त्यांच्या लेखी ते खाणे नव्हतेच. जेवणे त्यांनी तेवढी दोनच मोजली होती. उरलेले टाकून का देत नाही, असे विचारल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "टाकलं की ती जेवली नाही हे पक्कं होतं."

चालण्याचीही तीच गत होती. संध्याकाळी मेहुणी येऊन पत्नीजवळ बसत असे, म्हणजे तासभर मोकळा होता. पण हे फाटकापर्यंत जात आणि परत फिरत. जिला खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागते, तिला घरी ठेवून आपण दंड हलवीत फिरायला जायचे, हेच त्यांना निर्लज्जपणाचे वाटत होते. अडचण घड्याळाची नव्हती, अपराधीपणाची होती.

अशा वेळी नातेवाईक, डॉक्टर आणि आमच्या व्यवसायातले पुष्कळ लोक एक ठरावीक युक्तिवाद करतात: तुम्ही धडधाकट राहिलात तरच तिची सेवा कराल. तो खोटा नाही. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आजारी जोडीदाराची काळजी घेताना ताण सोसणाऱ्या वयस्कर व्यक्तींमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्के अधिक आढळला होता. तरीही आधीच धास्तावलेल्या माणसापुढे मी हा आकडा ठेवत नाही, आणि तो युक्तिवादही मला पटत नाही, कारण त्यात माणसाचे शरीर हे केवळ सेवेचे साधन होऊन बसते. उपचार संपले, मग ते कोणत्याही कारणाने संपोत, की चालण्याचे कारणही संपते. शिवाय अपराधीपणाला उत्तर मिळत नाही ते नाहीच. मी त्यांना एवढेच म्हटले की तुमची साखर तिच्या आजाराच्या आधीपासून तुमची होती आणि पुढेही तुमचीच राहणार आहे. त्या साखरेकडे बघायला पत्नीच्या आजाराची परवानगी कशाला हवी?

हे त्यांना लगेच पटले नाही. यावर पत्नीचे काय म्हणणे आहे, असे विचारल्यावर लक्षात आले की तिला कोणी विचारलेच नव्हते. तब्येतीला जरा उतार पडलेल्या दिवशी त्या स्वतः आल्या आणि माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुम्ही फाटकातून परत येता ते मला खिडकीतून दिसतं. मला वाटतं, माझ्यामुळे आता याही माणसाचं वाटोळं होणार." रुग्णाच्या मनावरचे हे ओझे घरातल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपण सगळे सोडून दिले म्हणजे प्रेम दिसते अशी समजूत असते, आणि रुग्णाला मात्र त्यात आपल्या आजाराने घेतलेला आणखी एक बळी दिसतो.

यानंतर आम्ही वेळापत्रक ठरवले, पण जुने जसेच्या तसे परत आणण्याचा नाद सोडून दिला. त्यांच्या घराला आता सोमवार-मंगळवार उरले नव्हते, 21 दिवसांचे चक्र होते: पहिला आठवडा मळमळ आणि अशक्तपणाचा, दुसरा पांढऱ्या पेशी घटल्यामुळे जंतुसंसर्गाच्या धास्तीचा, तिसरा त्यातल्या त्यात बरा. म्हणून जड आठवड्यांसाठी अगदी किमान ठरवले, दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे घराजवळच चालायचे. आणि हलक्या आठवड्यात पूर्वीसारखी लांब फेरी. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे, पण तो सलग किमान दहा मिनिटे हवा ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे. जड आठवड्यात 150 चा आकडा गाठला जाणार नाही, हे मी आधीच सांगून टाकले.

बशीचा प्रश्न जास्त चिवट निघाला. आधीच्या निम्मेच वाढायचे, हवे असल्यास पुन्हा द्यायचे आणि बशीत उरलेले ताबडतोब टाकायचे, असे ठरले. पेशी कमी असताना उघडे राहिलेले अन्न तिला पुन्हा देणे योग्य नसल्याने ते ठेवण्यातही अर्थ नव्हता. ती किती जेवली याची नोंद वहीत करायची, म्हणजे ती माहिती डॉक्टरांच्या उपयोगी पडते आणि बशी रिकामी करून ती लपवावी लागत नाही. सिगारेट रिपोर्टची वाट पाहताना पुन्हा सुरू झाली होती. ती सुटावी म्हणून त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि आठवड्यातील दोन रात्रींची जाग मेहुणीने घेतली.

मध्ये एका केमोनंतर ताप येऊन पत्नीला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सगळेच सुटले. "पुन्हा पहिल्यापासून," असे म्हणत ते आले. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा रुजतात याचा जो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध केला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, परंतु मध्ये एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही. रुग्णालयातील मुक्काम एका दिवसाचा नसतो हे खरे, तरी सवय मोडणे आणि सवयीत खंड पडणे यांत अंतर आहे, हे त्यांना त्यातून उमगले.

प्रत्येक घरात तिसरा आठवडा असतोच असे नाही. स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघातासारख्या आजारात चक्र नसते, सगळेच दिवस सारखे जड असतात. तिथे व्यायाम आणि आहाराच्या आधी, आठवड्यातून काही तास तरी कोण जागा घेणार, हे ठरवावे लागते. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर सवयींची चर्चा थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

केमोथेरपी पूर्ण झाली तेव्हा या गृहस्थांचे एचबीए1सी 6.1 होते. 5.8 हातचे गेले याचे त्यांना वाईट वाटत होते. मला विचाराल तर तशा महिन्यांत 6.1 वर राहणे मुळीच कमी नव्हते. पत्नीची आता ठरावीक काळाने तपासणी होते, आणि तिच्या आधीचा आठवडा त्यांनी आपणहून जड आठवड्यांत धरला आहे.