वर्णरेषा दाबाने ‘रुंदावते’ की ‘फैलावते’?

प्रश्न असा आहे: उपग्रहावरून हवेतली आर्द्रता मोजण्यावरच्या लेखात ‘प्रेशर ब्रॉडनिंग’ला ‘दाबजन्य रुंदीकरण’ म्हणावं की ‘रेषेचा फैलाव’? वर्णरेषा म्हणजे वायू ज्या ठरावीक वारंवारतेच्या लहरी शोषतो ती अरुंद जागा; हवेच्या दाबाने ती रुंद होते, ते प्रेशर ब्रॉडनिंग.

क्रियापद ‘रुंदावणे’च घ्यावं. रुंदीकरण रस्त्याचं होतं, ते कुणीतरी करतं. रेषा आपली आपण रुंदावते. नाम हवंच असेल तर ‘दाबजन्य रुंदी’. ‘फैलाव’ मात्र नकोच. फैलावलेलं पातळ होतं असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि इथे तसं होत नाही. रेणू एकमेकांवर आदळले की त्यांचं शोषण मध्येच खंडित होतं. दाब दुप्पट झाला की टकरा दुप्पट आणि रेषेची रुंदीही दुप्पट. पण वायूचं हवेतलं प्रमाण तेच असेल तर घनमीटरमागे त्याचे रेणूही दुप्पट होतात. म्हणून रेषेच्या मध्यावरचं शोषण जवळपास तेवढंच राहतं, बाजू तेवढ्या भरत जातात.

ओझोनची 110.836 गिगाहर्ट्झची रेषा बघा. तिची अर्धरुंदी, म्हणजे मध्यापासून एका बाजूची रुंदी, दर हेक्टोपास्कलला सव्वादोन ते अडीच मेगाहर्ट्झ. म्हणजे 30 किलोमीटरवर, 10 हेक्टोपास्कलला, ती पंचवीसेक मेगाहर्ट्झ भरते. 48 किलोमीटरवर फक्त अडीचेक. जमिनीवरच्या रेडिओमीटरला (हवेतून येणाऱ्या या लहरी मोजणाऱ्या उपकरणाला) सगळ्या थरांची बेरीजच दिसते, पण टोकदार मध्य वरच्या थरांचा आणि रुंद बाजू खालच्या थरांच्या, म्हणून उंचीनुसार ओझोन वेगळा काढता येतो. 70-75 किलोमीटरच्या वर रेणूंच्या वेगामुळे येणारी डॉप्लर रुंदी वरचढ होते. ती दाबावर ठरत नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती संपते.

2011 साली श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारत-फ्रान्सच्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावरचं आर्द्रता मोजणारं उपकरण ‘सफीर’ याच रुंदीवर चालायचं. बाष्पाच्या 183.31 गिगाहर्ट्झच्या रेषेभोवती त्याच्या सहा वाहिन्या, म्हणजे मोजणीच्या ठरावीक वारंवारता, होत्या: मध्यापासून 0.2 गिगाहर्ट्झवरची वरच्या थरांतली आर्द्रता टिपणारी, 11 गिगाहर्ट्झवरची जमिनीलगतच्या थरांपर्यंत पोचणारी.

लेखात ‘अर्धरुंदी’ लिहिताना ती कमाल शोषणाच्या निम्म्या पातळीवर, मध्यापासून एकाच बाजूला मोजलेली आहे हे सांगाच. काही तक्त्यांत पूर्ण रुंदी असते आणि आकडे तसेच उचलले की थेट दुपटीची चूक होते. सोबत तापमानही द्यावं, कारण त्याच दाबाला थंड हवेत रेषा जास्त रुंद असते. दाबाने रेषेचा मध्य किंचित हलतो, त्याला ‘सरकणे’ म्हणावं. ते रुंदीत मिसळू नये.

ऑक्सिजनच्या 60 गिगाहर्ट्झजवळच्या रेषांना मात्र नुसतं ‘रुंदावतात’ म्हणून भागत नाही. जमिनीलगत त्या एकमेकींत मिसळून एकच पट्टा होतो, आणि सुट्या रेषांची साधी बेरीज केली तर शोषण चुकतं. तिथे ‘रेषामिश्रण’ हा वेगळा शब्द वापरावा.