पोरगा हॅकिंगचा गेम खेळतोय, काळजी करायची का?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एक ताई दहावीतल्या मुलाला माझ्याकडे घेऊन आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रात्री लॅपटॉपवर काळा स्क्रीन, भराभर पळणारी अक्षरं आणि उलटे मोजत जाणारे आकडे त्यांनी पाहिले होते. "मॅडम, ह्यो बँक फोडतोय काय? पोलीस येणार न्हाईत न्हवं घरी?"

मुलाला तिथेच गेम लावायला सांगितला. 2015 चा 'हॅकनेट' निघाला, हॅकर असल्याचं नाटक करायचा गेम. 'प्रोब' टाइप केलं की समोरच्या कॉम्प्युटरचे पोर्ट, म्हणजे नेटवरून आत जायचे नंबर दिलेले दरवाजे दिसतात, 22 नंबरचा 'एसएसएचक्रॅक' या कमांडने उघडायचा, पुरेसे उघडले की 'पोर्टहॅक' टाइप करून कॉम्प्युटर ताब्यात घ्यायचा. माग लागायच्या आत बाहेर पडायचं. ताईंनी पाहिलेले उलटे आकडे त्या उरलेल्या वेळेचेच. मग वायफाय बंद केलं. गेम तसाच चालू राहिला, कारण त्यातली सगळी मशिन्स गेमच्या आतच असतात. ताईंचा जीव भांड्यात पडला. ('हॅकमड'सारखे हॅकिंगचे ऑनलाइन गेम मात्र वायफाय गेलं की थांबतात, तेवढ्यावरून संशय घेऊ नये.)

खरी अडचण पुढे निघाली. गेम फुकटचा, क्रॅक केलेला (कुलूप तोडून वाटलेली चोरीची कॉपी) होता आणि इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला लावलं होतं. त्याच लॅपटॉपवर वडिलांच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं नेटबँकिंग, जीएसटीचे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह! अशा फायलींतला व्हायरस पासवर्डच नाही, चालू लॉगिनही उचलतो, म्हणजे पासवर्ड न टाकताच चोर खात्यात शिरू शकतो. म्हणून लॅपटॉप आधी नेटवरून काढायचा, दुसऱ्या मोबाइलवरून पासवर्ड बदलायचे आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट' करायचं. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. त्यानंतर विंडोज नव्याने टाकायचं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

मुलानं हळूच विचारलं, "शेजारच्यांचं वायफाय उघडून बघितलं तर?" हा प्रश्न ऐकून घरचे भडकतात आणि पोरगं पुन्हा काही विचारत नाही. त्याला सरळ उत्तर हवं असतं: मालकाच्या परवानगीशिवाय नाही. आयटी कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

हात शिवशिवत असतील तर 'ओव्हरदवायर' या वेबसाइटचा 'बँडिट' हा सरावाचा गेम आहे. तिथे सर्व्हर मुद्दाम सरावासाठीच ठेवलेत, फुकट. हॅकनेटमधले 'एलएस' (फायली दाखव), 'सीडी' (फोल्डर बदल) तिथेही तसेच चालतात, पण 'पोर्टहॅक'सारखं एका शब्दात काही उघडत नाही. मुलाला पहिली लेव्हल वडिलांना शेजारी बसवून करायला सांगितली आहे.